वैशाली नगरच्या गच्चीवरून पक्ष्यांची वर्षभराची नोंद

भिलाईच्या वैशाली नगरात पक्षी मोजायला जंगल गाठावं लागत नाही. साळुंकी, बुलबुल, दयाळ गच्चीवरूनही दिसतात. नोंद मात्र नीट हवी: तारीख, वेळ, ठिकाण आणि प्रत्येक जातीचे किती पक्षी.

सुट्टीच्या दिवशी बेमेतरा जिल्ह्यातली गिधवा-परसदाची पाणथळ गाठावी. हिवाळ्यात तिथे स्थलांतरित बदकं उतरतात. २०२१ साली पक्षी महोत्सवही तिथेच भरला होता.

‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर अशी यादी भरताना शेवटी एक प्रश्न येतो: ओळखता आलेल्या सगळ्या जाती नोंदवल्या का? ‘हो’ म्हटलं, की यादीत नसलेला पक्षीही माहिती देऊन जातो. त्या वेळी तो तिथे आढळला नाही, हीसुद्धा नोंदच! अशा याद्या वर्षानुवर्षं साठल्या, की कोणता पक्षी घटतोय ते कळतं. ३० हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे ३ कोटी नोंदींवर ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स २०२३’ हा अहवाल उभा राहिला. त्यात ९४२ जातींचा आढावा आहे आणि १७८ जाती संवर्धनासाठी अग्रक्रमाच्या ठरल्या आहेत.

सुरुवात करायला फेब्रुवारी उत्तम. तेव्हा ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ हा पक्षीगणनेचा उपक्रम चार दिवस चालतो आणि एका यादीसाठी १५ मिनिटं पुरतात.