फ्रेंचची वाट इंग्रजीवरूनच का?

जळगावहून अजिंठ्याकडे जाणारा रस्ता पहूर गावातून जातो. लेणी पाहावयास निघालेल्या परदेशी प्रवाशांच्या गाड्या येथूनच पुढे सरकतात. त्या पाहतच वाढलेला माझा एक माजी विद्यार्थी गतवर्षी घरी आला. अजिंठ्याला गाईड म्हणून उभे राहावे, त्यासाठी फ्रेंच शिकावी, असा त्याचा विचार होता. हाती इंग्रजी लोकांसाठी लिहिलेले एक फ्रेंच व्याकरण होते. तीन महिन्यांत तो ते परत घेऊन आला. म्हणाला, "सर, हे आपल्याला जमायचं नाही. टेबल म्हणे बाई!"

"मग आपली खुर्ची बाई कशी?" मी विचारले. तो हसला, पण त्याला नेमके काय अडले होते ते मला उमगले. निर्जीव वस्तूला लिंग असते हे इंग्रजास पटवून देण्यासाठी त्या पुस्तकाने एक प्रकरण खर्ची घातले होते, आणि जी अडचण या मुलाची कधी नव्हतीच ती त्याने निमूटपणे आपली मानली होती. तीन लिंगे सहज सांभाळणाऱ्याला दोन लिंगांचे भय ते काय? एकट्या माणसाशी बोलतानाही तू आणि तुम्ही यांतील भेद राखावा, हेही आपणांस कोणी शिकवावे लागत नाही.

इंग्रजी भाषकाला विशेष छळणारे प्रकरण भूतकाळाचे. जाणे, येणे, जन्मणे, मरणे अशा मोजक्या क्रियापदांचा भूतकाळ 'असणे' या क्रियापदाच्या साहाय्याने होतो आणि कृदन्त कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. इतर बहुतेकांना 'जवळ असणे' या अर्थाचे साहाय्यक लागते. तेथे कृदन्त कर्त्याकडे पाहत नाही. मात्र कर्म आधी येऊन गेले असेल तर त्याच्याशी जुळते. 'मी पत्रे लिहिली' असे म्हणताना ते 'एक्री' असते, 'मी लिहिलेली पत्रे' म्हणताना 'एक्रीत' होते. आमच्या पुस्तकाने येथे नियम पाठ करा म्हणून हात झटकले होते. पण मराठीत तरी दुसरे काय घडते? 'ती गेली' यात क्रियापद कर्त्यामागून जाते. 'त्याने चिठ्ठी लिहिली' यात कर्मामागून. कारणही एकाच जातीचे आहे. दोन्ही भाषांतील हा भूतकाळ मुळात धातुसाधित विशेषणापासून घडला. आपल्या वाक्यामागे संस्कृतातील 'मया पत्रं लिखितम्' ही रचना आहे. फ्रेंचमागे 'माझ्याजवळ लिहिलेली पत्रे आहेत' या धाटणीची लॅटिन रचना. विशेषण नामाप्रमाणे बदलणारच. सातवीतील कर्तरी-कर्मणी प्रयोग ज्याने नीट शिकला, त्याने या नियमाची निम्मी वाट आधीच चालली आहे.

ऐंशीला फ्रेंच माणूस 'चार वीस' म्हणतो आणि नव्वदला 'चार वीस दहा'. परकी पुस्तके याला चमत्कारिक ठरवतात. आपल्या खेड्यांतील जुनी माणसे चार विसा रुपये मोजत, तेव्हा त्यात कोणाला नवल वाटत नसे. शब्दाच्या शेवटी लिहायची पण उच्चारायची नाहीत अशा फ्रेंच अक्षरांचेही तसेच. मराठी साहित्य महामंडळाचे नियम १९६२ साली आले, तोवर आपणही न उच्चारले जाणारे अनुस्वार इमानाने देतच होतो.

अर्थात सारे सोपे आहे असे नव्हे. आपला चंद्र तिकडे स्त्रीलिंगी आहे, आपला मृत्यूही. आणि फ्रेंचमधील 'र' घशातून काढताना आमच्या खानदेशी जिभेची तारांबळ उडते. पण या आपल्या अडचणी आहेत. त्या इंग्रजाच्या पुस्तकात कशा सापडणार?

हे मी अनुभवाने सांगतो. लिओं वाल्रा या अर्थशास्त्रज्ञाचा मुख्य ग्रंथ १८७४ साली निघू लागला. विल्यम जाफे यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९५४ साली आले. केवळ इंग्रजीवर विसंबणारा वाचक ऐंशी वर्षे (चार विसा!) खोळंबून राहिला. मूळ ग्रंथ वाचावा म्हणून मी तिशीत फ्रेंच शिकू लागलो, तीही इंग्रजीतूनच. प्रत्येक वाक्य आधी इंग्रजीत नेऊन मग मराठीत आणण्याची ती दुहेरी जकात मी कित्येक वर्षे विनाकारण भरली.

उलट झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवर लिहिलेला ग्रंथ १९२० साली प्रसिद्ध झाला, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो १९४१ साली मराठीत आणला. ब्लॉक मराठीकडे आले ते संस्कृत-प्राकृताच्या वाटेने. आमच्याकडे मात्र शहरांतील कनिष्ठ महाविद्यालयांत मराठी सोडून फ्रेंच घेण्याची चाल पडली आहे; तीत गुण अधिक पडतात म्हणे. जी भाषा शिडी व्हावयाची तीच प्रथम काढून टाकायची! मराठीतून फ्रेंच शिकवणारी जी पुस्तके माझ्या पाहण्यात आली ती हॉटेलातील आणि स्टेशनावरील संभाषणे देऊन थांबतात. प्रयोगविचारापर्यंत पोहोचत नाहीत.

तूर्त आम्ही दोघांनी एक शंभरपानी वही घातली आहे. डावीकडे मराठी वाक्य, उजवीकडे फ्रेंच, मध्ये इंग्रजी नाही. रविवारी तो येतो. परवा त्याने 'ती आली'पुढे फ्रेंच वाक्य लिहिले, कृदन्ताला स्त्रीलिंगाचे अक्षर न सांगता जोडले आणि विचारले, "सर, अहिराणीतून घेतलं तर चालेल का?"