विश्लेषण : वेबसाइटवर चौकशी आली, पण ती कोणत्या जाहिरातीमुळे?

शिरूर तालुक्याच्या पूर्व भागातले मांडवगण फराटा आणि भीमेपलीकडचा दौंड तालुका हा उसाचा, गुऱ्हाळांचा पट्टा. इथला गूळ वर्षानुवर्षे आडत्यामार्फत बाजारात गेला. आडत्याच्या पट्टीवर माल कोणाचा, वजन किती, भाव काय, सगळे लिहिलेले असते. आता समजा, एखाद्या गुऱ्हाळाने गूळ आणि काकवी थेट पुण्या-मुंबईच्या दुकानदारांना विकायची म्हणून वेबसाइट काढली. चौकशीचे फॉर्म येऊ लागतात. पण एक रकाना रिकामाच राहतो. गिऱ्हाईक आले कुठून? फेसबुकच्या जाहिरातीतून, गूगलवर शोधून, की पुण्यातल्या मेव्हण्याने सांगितले म्हणून? हंगाम मोजक्या महिन्यांचा आणि जाहिरातीचा पैसा खिशातला. उत्तर चुकले, तर पुढच्या महिन्याचे पैसेही चुकीच्या जागी जातात.

फॉर्मला हे आपोआप का कळत नाही?

फॉर्म फक्त त्यातल्या रकान्यांत भरलेली माहिती पाठवतो. नाव, मोबाइल, संदेश, संपले. आधी कोणत्या पानावर होतात, हे ब्राउझर नव्या वेबसाइटला सांगतो खरे. या निरोपाला 'रेफरर' म्हणतात. (१९९६ च्या एचटीटीपी दस्तऐवजात या शब्दाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक 'आर' गळला, आणि ती चूक आजही तशीच चालू आहे.) पण माणूस आधी मुखपृष्ठावर येतो, गुळाचे फोटो बघतो, मग 'संपर्क' पानावर जातो. तिथे पोचेपर्यंत आधीचे पान म्हणजे आपलीच वेबसाइट झालेली असते. व्हॉट्सअ‍ॅपवरच्या लिंकमधून आलेल्या माणसाबाबत तर बहुतेक वेळा हा निरोप येतच नाही. अहवालात त्याची नोंद 'डायरेक्ट' अशी होते, म्हणजे त्याने जणू पत्ता स्वतः टाइप केला.

मग माग काढायचा कसा?

उपाय जुनाच आहे. टपालाने माल मागवण्याच्या काळात जाहिरातदार प्रत्येक वर्तमानपत्रात पत्त्यापुढे वेगळा 'विभाग क्रमांक' छापत. पत्र ज्या क्रमांकावर येई, त्यावरून ते कोणत्या जाहिरातीमुळे आले हे कळे. आज हेच काम लिंकच्या शेपटीला जोडलेले 'यूटीएम' करतात. हे नाव 'अर्चिन ट्रॅकिंग मॉड्यूल'चे लघुरूप. अर्चिन ही अमेरिकी कंपनी गूगलने २००५ मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षी गूगल अ‍ॅनालिटिक्स सुरू झाले.

प्रत्येक जाहिरातीच्या लिंकला तीन गोष्टी जोडायच्या: स्रोत (फेसबुक, गूगल), माध्यम (सशुल्क जाहिरात, पत्रक, क्यूआर कोड) आणि मोहिमेचे नाव (दिवाळी, संक्रांत). या तयार करणारे गूगलचे मोफत साधन आहे. मात्र नावे एकाच पद्धतीने लिहावी लागतात. एकदा फेसबुकचे इंग्रजी पहिले अक्षर मोठे आणि एकदा लहान लिहिले, तर अ‍ॅनालिटिक्स ते दोन वेगळे स्रोत मोजते. शिवाय वेबसाइटच्या आतल्या पानांना जोडणाऱ्या लिंकवर यूटीएम लावू नये. मूळ स्रोत पुसून तिथे आपलेच नाव चढते.

ही माहिती फॉर्मपर्यंत कशी पोचते?

खरी गफलत इथेच होते. लिंकला यूटीएम लावले की काम झाले, असे अनेकांना वाटते. त्याने अ‍ॅनालिटिक्सला एकूण भेटींची संख्या कळते. पण समोर आलेली ही चौकशी, या नावाची, या नंबरची, कुठून आली हे कळत नाही. त्यासाठी पहिल्या पानावरच ते यूटीएम ब्राउझरमध्ये साठवावे लागते आणि फॉर्ममध्ये न दिसणारे रकाने ठेवून त्यांत भरावे लागते. मग ईमेलमध्ये किंवा नोंदवहीत नावाबरोबर स्रोतही येतो. वेबसाइट बनवणाऱ्यासाठी हे फार मोठे काम नाही, पण सांगितल्याशिवाय सहसा कोणी करून देत नाही. झाल्यावर स्वतः ती लिंक उघडून, दोन-तीन पाने फिरून, फॉर्म भरून बघावे.

त्रुटी राहतातच. आयफोनवरचा सफारी ब्राउझर अशी स्क्रिप्टने ठेवलेली कुकी जास्तीत जास्त ७ दिवस टिकू देतो. फेसबुकच्या आतल्या ब्राउझरमध्ये वेबसाइट पाहिली आणि रात्री क्रोममध्ये उघडून फॉर्म भरला, तर आधीची खूण मागेच राहते. आणि उलटही होते: फेसबुकची खूण असलेली लिंक कोणी भावकीच्या ग्रुपवर टाकली, तर तिथून आलेली प्रत्येक चौकशी फेसबुकच्या नावावर जमा होते.

फोन आणि व्हॉट्सअ‍ॅपचे काय?

ग्रामीण भागात फॉर्म भरण्यापेक्षा थेट बोलणे सोपे वाटते. व्हॉट्सअ‍ॅपच्या 'क्लिक टू चॅट' लिंकमध्ये आधीच लिहिलेला संदेश ठेवता येतो: 'गुळाचा भाव कळवा, एफ १'. प्रत्येक जाहिरातीला वेगळा संकेत दिला की संदेशातच स्रोत येतो. गिऱ्हाइकाने तो खोडला नाही म्हणजे झाले. फोनवर मात्र विचारण्याला पर्याय नाही. 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' हा प्रश्न फॉर्ममध्येही ठेवावा. लोकांची आठवण पक्की नसते, तरी मेव्हण्याची शिफारस नोंदवायला दुसरी जागाच नाही. खूण 'गूगल' सांगेल आणि माणूस 'पाहुण्यांनी सांगितलं' म्हणेल, तेव्हा दोन्ही खरे असू शकते: नाव पाहुण्यांकडून कळले, पत्ता गूगलवर शोधला.

स्वस्त चौकशी म्हणजे स्वस्त गिऱ्हाईक का?

नाही, आणि स्रोत नोंदवण्याचे खरे कारण हेच. एक काल्पनिक हिशेब मांडू. फेसबुकवर ८,००० रुपये खर्चून ४० चौकशा आल्या, म्हणजे चौकशीमागे २०० रुपये. गूगलवर ६,००० रुपयांत फक्त १२ आल्या, म्हणजे ५०० रुपयांना एक. इथे थांबले तर गूगलची जाहिरात बंदच होईल. पण नोंदवहीत पुढे बघितले, तर ४० पैकी दोघांनी माल घेतला आणि १२ पैकी चौघांनी. फेसबुकचे गिऱ्हाईक ४,००० रुपयांना पडले, गूगलचे १,५०० ला. त्यातही दरमहा माल उचलणारा मिठाईवाला कोण आणि एकदाच पाच किलो नेणारा कोण, हे पाहिले तर चित्र पुन्हा बदलू शकते.

म्हणून स्रोताच्या रकान्याशेजारी आणखी दोन रकाने लागतात: माल घेतला का, आणि किती रुपयांचा. हे कोणतेही सॉफ्टवेअर आपोआप भरत नाही. गूळ भरून गाडी निघाली की कोणीतरी बसून लिहावे लागते. आकडे लहान असताना घाईही नको. दोन आणि चार यांतला फरक योगायोगाचाही असू शकतो. निदान एक हंगाम नोंदी ठेवून मग पैसे हलवावेत. जाहिरात कंपन्यांच्या स्वतःच्या अहवालांवर सगळे सोपवणेही बरे नाही: एकाच विक्रीचे श्रेय फेसबुक आणि गूगल दोघेही आपापल्या हिशेबात घेऊ शकतात.

कायदा काय म्हणतो?

नाव आणि मोबाइल नंबर हा वैयक्तिक डेटा आहे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती कशासाठी घेतली जात आहे हे सांगणे, संमती घेणे, या मुख्य तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत आहे. फॉर्मखाली साध्या मराठीत दोन ओळी आजच लिहिता येतात. गूगल अ‍ॅनालिटिक्सच्या अटींनुसार गिऱ्हाइकाचे नाव किंवा नंबर त्यात पाठवायला मनाई आहे. काही फॉर्म भरलेली माहिती पुढच्या पानाच्या पत्त्यातच जोडतात आणि नंबर नकळत तिथे पोचतो. चाचणीचा फॉर्म पाठवल्यावर ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत आपलाच मोबाइल नंबर दिसला, तर वेबसाइट बनवणाऱ्याला त्याच दिवशी फोन करावा.