सहल नाही, तरी सुटी हवीच! घरच्या सुटीचं गणित नेमकं कसं जमवायचं?

छत्रपती संभाजीनगर : परीक्षा संपल्या की घराघरात एकच प्रश्न असतो, 'यंदा कुठे?' महाबळेश्वर, कोकण, गोवा की थेट हिमाचल? पण तिकिटं, हॉटेल आणि गर्दी यांचा हिशेब मांडल्यावर काही कुटुंबं ठरवतात, यंदा कुठेच नाही. असं ठरवणं सोपं आहे. घरी राहून खरोखर सुटी मिळवणं मात्र अवघड आहे.

घरी राहावंसं का वाटतं?

पहिलं कारण खर्च. दुसरं कारण धावपळ. रेल्वेचं आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी खुलं होतं आणि सुटीच्या दिवसांतली तिकिटं झपाट्याने संपतात. घरात वृद्ध आई-वडील असतील तर त्यांना कुणाकडे ठेवायचं, हाही प्रश्न असतो. शिवाय चार दिवसांत सहा ठिकाणं पाहून परतल्यावर थकवा जायला आणखी दोन दिवस लागतात, ते वेगळंच.

सहलीचा आनंद किती टिकतो?

नेदरलँड्समधील सुमारे दीड हजार प्रौढांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सहलीला जाणारे लोक निघण्यापूर्वी इतरांपेक्षा जास्त आनंदी होते. परतल्यानंतर मात्र जाऊन आलेले आणि न गेलेले यांच्यात फारसा फरक उरला नाही. अपवाद होता तो अतिशय निवांत सुटी घालवलेल्यांचा. म्हणजे आनंदाचा मोठा वाटा वाट पाहण्यात आहे. म्हणूनच घरच्या सुटीचीही तारीख आधी ठरवा, कॅलेंडरवर खूण करा आणि मुलांना सांगा.

छंद का महत्त्वाचा?

कामाचा शीण कशाने जातो, यावर मानसशास्त्रज्ञ चार गोष्टी सांगतात : कामापासून मन बाजूला होणं, आराम, नवं काही शिकणं आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. दिवसभर मोबाइल पाहत लोळण्यात आराम मिळतो, पण शिकण्याची बाजू कोरडीच राहते. तबला, चित्रकला, गच्चीवरची बाग, अर्धवट राहिलेलं पुस्तक किंवा आजीकडून कुरडया शिकणं, यातलं एक काहीही निवडा. ऑफिसचे व्हॉट्सअॅप ग्रुप मात्र म्यूट करा.

शहरात काय पाहाल?

लांबून लोक जे पाहायला येतात, ते इथल्यांच्या उंबरठ्यावर आहे. वेरूळ सुमारे ३० किलोमीटर. तिथल्या ३४ लेण्यांपैकी बहुतेक जण कैलास लेणं (क्रमांक १६) पाहून परततात. उरलेली लेणी उन्हं चढण्यापूर्वी, सकाळी लवकर पाहता येतात. लेणी मंगळवारी बंद असतात. बीबी का मकबरा आणि पाणचक्की शहरातच आहेत. पाणचक्कीचं पाणी दूरवरून जमिनीखालच्या नळांतून कसं येत असे, हे मुलांना दाखवलं तर विज्ञानाचा एक धडाच होतो. पैठणी विणताना पाहायची असेल तर पैठण सुमारे ५० किलोमीटरवर आहे. एखाद्या संध्याकाळी नान-खलियाचा बेतही करता येईल.

खरी अडचण कुठे?

घरची सुटी अनेकदा घरातल्या बाईच्या खर्चाने होते. सगळे घरी म्हणजे दोनदा चहा, गरम नाश्ता, आमरसाचा बेत आणि भांड्यांचा ढीग. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, बिनमोबदला घरकाम करणाऱ्या महिला त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, तर असं काम करणारे पुरुष ८८ मिनिटं. अनेक जणींना स्वयंपाकघरातून सुटका मिळते ती फक्त सहलीत. त्यामुळे सहल रद्द करताना तिलाच आधी विचारायला हवं.

त्यातच शहराच्या अनेक भागांत नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येतं. पाण्याच्या दिवशी कुणीतरी घरी लागतंच. तो दिवस सोडून बाहेरचा बेत आखा आणि पाणी भरण्याची पाळीही वाटून घ्या.

हे पाच नियम पाळा

१. सुटीच्या तारखा आधी ठरवा, त्यात कपाट आवरणं वा बँकेची कामं घुसवू नका.
२. स्वयंपाक, भांडी, पाणी यांच्या पाळ्या लावा. मुलं आणि पुरुषही त्यात हवेत.
३. सहलीसाठी ठेवलेल्या पैशांतला थोडा भाग बाहेरचं जेवण आणि छंदाच्या साहित्यासाठी काढा.
४. रोज एकच बेत ठेवा, दुपार मोकळी सोडा.
५. घरातल्या प्रत्येकाला एक दिवस पूर्णपणे स्वतःचा द्या.

पाचवा नियम सर्वांत अवघड आहे. घरातल्या आईला तो दिवस मिळाला, तर सुटी साऱ्या घराची झाली म्हणायची.