पाणी मोजणारे हात आपलेही हवेत

निकाल लागले की आमच्या वस्तीतील पालक मुलांची गुणपत्रके घेऊन आमच्याकडे येतात. आम्ही पेशाने कारकून, शिक्षणाने बी.कॉम.; पण अर्ज भरून देण्याची सवय असल्याने चार माणसे विश्वासाने विचारतात. गेल्या वर्षी एक गृहस्थ मुलीला घेऊन आले. मुलगी वनस्पतिशास्त्र व रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. तिला येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात पर्यावरणशास्त्राची एम.एस्सी. करायची होती. वडिलांचे म्हणणे, बी.एड. करावे. ते म्हणाले, "दादा, झाडं लावायला एम.एस्सी. कशाला लागते?"

प्रश्न रास्त होता. ज्या घरातील पहिलीच पिढी पदवीपर्यंत पोहोचली, ते घर शिक्षणाकडून आधी भाकरीचीच अपेक्षा करणार. आम्ही त्यांना उत्तर म्हणून आमच्या आईची हकिकत सांगितली.

1972 च्या दुष्काळात आमच्या आईने गावच्या पाझर तलावाच्या कामावर दगड फोडले, माती वाहिली. पाझर तलावाचे पाणी तळातून मुरते आणि बांधाच्या खालच्या अंगाच्या विहिरींना उतरते. आमच्या वस्तीची विहीर नेमकी वरच्या अंगाला, उंचावर. पुढे पाऊस झाला, तलाव भरला, खालच्या शेतांतल्या विहिरी तुडुंब झाल्या. आईच्या डोक्यावरचा हंडा मात्र सुटला नाही. माती वाहणारे हात आपले होते. जागा ठरवणाऱ्यांत आपले कोणी नव्हते. मराठवाड्याच्या पोटात काळा बेसाल्ट खडक आहे. त्यात पाणी सगळीकडे सारखे नसते, ते भेगांत आणि मुरमाच्या थरांत साठते. ज्याला हा खडक वाचता येतो, त्याच्या शब्दाला जागा ठरवताना वजन येते.

आपल्या शहराचेच पाहा. पिण्याचे पाणी येते पैठणच्या नाथसागरातून. 1976 साली लोकार्पण झालेल्या या जायकवाडी धरणाची साठवण क्षमता सुमारे 102 अब्ज घनफूट. पण वरच्या धरणांतून किती पाणी खाली सोडायचे, यावर टंचाईच्या वर्षी नाशिक, अहिल्यानगर आणि मराठवाडा यांच्यात वाद ठरलेला. 2005 च्या कायद्याने महाराष्ट्रात जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आले आणि समन्यायी वाटप हा कायद्याचा विषय झाला. तिथे घोषणा चालत नाहीत. साठा किती, बाष्पीभवन किती, गाळ किती, हे आकडे चालतात.

बाबासाहेबांनी हे फार आधी ओळखले होते. 1927 साली महाडच्या चवदार तळ्यावर त्यांनी पाण्याचा हक्क बजावला. 1942 ते 1946 या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी आणि 1945 साली जलमार्ग व पाटबंधारे यांसाठीच्या केंद्रीय आयोगाची स्थापना यांत त्यांचा मोठा वाटा होता. तळ्यावर ओंजळ भरणारा नेता पुढे नद्यांचे नियोजन करू लागला, हा धडा आपण मुलांना पुरेसा सांगत नाही.

दुसरी बाजूही बोलली पाहिजे. निसर्ग जपण्याच्या नावाखाली गरिबालाच उठवले जाण्याची भीती असते. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. आजही मराठवाड्यात कितीतरी कुटुंबे गायरान कसून जगतात. गायरानावर झाडे लावायची ठरली तर कसणाऱ्याचे काय, हा प्रश्न बैठकीत कोण विचारणार? ज्याला झाड कळते आणि त्या कुटुंबाची चूलही कळते, असा अधिकारी हवा.

आता भाकरीचे. या शिक्षणाने नोकरीची हमी मिळते असे आम्ही कोणालाही सांगत नाही. पण वाटा आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या भारतीय वनसेवा परीक्षेसाठी वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, भूशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित अशांपैकी एखादा विषय पदवीला असावा लागतो. कृषी, वनशास्त्र व अभियांत्रिकीची पदवीही चालते. म्हणून बी.एस्सी.चे विषय निवडतानाच हे पाहावे. पैठण रस्त्यावर कांचनवाडीला जल व भूमी व्यवस्थापन संस्था, म्हणजे वाल्मी आहे. मुलांनी तेथील काम पाहून यावे. भारत सरकारची शिष्यवृत्ती, स्वाधार योजना आणि संशोधनासाठी बार्टीची अधिछात्रवृत्ती यांची माहिती प्रवेशाआधी घ्यावी, जातीचा व उत्पन्नाचा दाखला वेळेत काढावा. दाखल्यापायी वर्ष बुडालेली मुले आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत.

त्या मुलीने प्रवेश घेतला. दिवाळीनंतर तिने वस्तीतल्या हातपंपाचे पाणी बाटलीत भरून तपासायला नेले. नायट्रेट प्रमाणाबाहेर निघाले. पाणी उकळून नायट्रेट जात नाही आणि बाटलीच्या दुधावरच्या तान्ह्या बाळांना ते बाधते, हे तिने घरोघर जाऊन बायांना समजावले. आता तो पंप धुण्याभांड्यापुरताच चालतो.

परवा तिचे वडील भेटले. एम.एस्सी. कशाला, हा प्रश्न त्यांच्याकडे उरला नव्हता. त्यांनी विचारले, "दादा, आमच्या गावच्या विहिरीचं पाणीबी तपासता येईल का?"

पालकहो, यंदा निकाल लागला की मुलांना ही वाटही दाखवा.