टाइमलाइन व ट्वीनिंग : गोंड हरणाच्या उदाहरणाने

संगणकीय ॲनिमेशनच्या वर्गात विद्यार्थी दोन कीफ्रेम ठेवतो, ट्वीनची आज्ञा देतो आणि चित्र सरकू लागते. हालचाल संगणकाने निर्माण केली, असा त्याचा समज होतो. वस्तुतः संगणकाने केवळ भागाकार केलेला असतो. हा भेद उदाहरणावरून स्पष्ट करण्याचा येथे प्रयत्न आहे.

भोपाळच्या अध्यापकांना उदाहरणासाठी दूर जावे लागत नाही. पाटनगढचे जनगढसिंह श्याम (1962–2001) चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्या पुढाकाराने या शहरात आले आणि 1982 मध्ये सुरू झालेल्या भारत भवनाशी जोडले गेले. त्यांच्या व त्यांच्यानंतरच्या गोंड चित्रांत प्राण्याचे सर्व अंग बारीक ठिपक्यांनी व रेघांनी भरलेले असते. हरणाच्या शिंगांचे तर पुष्कळदा झाडच होते. असे एखादे हरिण विद्यार्थ्यांनी स्वतः काढावे. (कलावंताचे चित्र परवानगीशिवाय उचलू नये, हे पहिल्याच तासाला सांगितलेले बरे.)

टाइमलाइन म्हणजे काळाची मोजपट्टी. आडव्या दिशेने फ्रेम, उभ्या दिशेने लेअर. समजा, फ्रेम 1 वर हरिण डावीकडून 40 पिक्सेलवर आहे आणि फ्रेम 25 वर 520 पिक्सेलवर. फ्रेम पंचवीस, परंतु त्यांतील अंतरे चोवीसच. म्हणून प्रत्येक फ्रेमला हरिण 20 पिक्सेल सरकते. सेकंदाला 24 फ्रेम असतील तर या प्रवासास एक सेकंद लागेल, 12 असतील तर दोन. पंचवीस की चोवीस, या ठिकाणी विद्यार्थी हमखास चुकतात. फळ्यावर रेघ ओढून खुणा मोजून घ्याव्यात.

हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये मुख्य चित्रे अनुभवी चित्रकार काढी आणि मधली चित्रे साहाय्यक भरीत. 1956 मध्ये डिस्नेचे चित्रकार क्लेअर वीक्स यांनी मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये येऊन आपल्याकडच्या कलाकारांना ॲनिमेशनचे प्रशिक्षण दिले, ते याच शिस्तीचे. मधल्या चित्रांच्या या कामाच्या इंग्रजी नावावरूनच ‘ट्वीन’ हा शब्द आला. साहाय्यक मात्र हरिण पाहिलेला माणूस असे.

आता हरणाला उडी मारू द्या. फ्रेम 13 वर ते जमिनीपासून 100 पिक्सेल उंच आहे. नुसत्या ट्वीनने त्याचा मार्ग कौलारू छपरासारखा टोकदार होतो आणि फ्रेम 7 वर उंची 50 भरते. प्रत्यक्षात वर जाताना वेग कमी होत जातो. अर्ध्या वेळेत तीन चतुर्थांश उंची गाठली जाते, म्हणजे फ्रेम 7 वर 75 हवी. यासाठी ईझ वापरतात. परंतु आडव्या व उभ्या सरकण्याला एकच ईझ लावला तर वेग बदलतो, मार्ग टोकदारच राहतो. ईझ फक्त उभ्या अंतराला द्यावा. ब्लेंडरमध्ये ग्राफ एडिटरमधून हे करता येते. जुन्या फ्लॅशमध्ये मोशन गाइडची रेघ आखून घ्यावी लागे. फ्लॅशचे नाव 2016 मध्ये ॲनिमेट झाले आणि फ्लॅश प्लेअर 2020 अखेर बंद पडला, तरी टाइमलाइनचा हिशेब तोच आहे.

खरी कसोटी शिंगांचे झाड होताना लागते. शेप ट्वीनमध्ये पहिल्या आकृतीचा कोणता बिंदू दुसऱ्या आकृतीत कोठे जावा, हे संगणक अंदाजाने ठरवितो. हरणाचे संपूर्ण अंग त्याच्या स्वाधीन केले तर मधल्या फ्रेममध्ये ठिपके एकमेकांत मिसळतात, रेघा पिळवटतात आणि गोंड चित्राची ओळखच पुसली जाते. फ्लॅशमध्ये अशा वेळी शेप हिंट देता येत, पण त्या जास्तीत जास्त 26. एका मांडीवरच त्याहून अधिक ठिपके असतात! म्हणून भरलेले अंग एकसंध सिम्बॉल ठेवून त्याला मोशन ट्वीन द्यावे. शेप ट्वीन शिंगांच्या बाह्यरेषेपुरते ठेवावे आणि नव्या फांद्या फ्रेमगणिक हाताने काढाव्यात. पाय वेगळ्या लेअरवर घेतल्यास सांध्याशी रेघा तुटतात. तेथे मांडीचा भाग थोडा वाढवून अंगाखाली सरकवावा लागतो. गुण देताना चित्रफीत फ्रेम 7 वर थांबवून पाहावी.