विश्रांतीवर असलेल्या वैमानिकाला ऐनवेळी कामावर बोलावता येते का?
नवी दिल्ली : धुके वा विलंबामुळे वैमानिकाच्या कामाच्या तासांची मर्यादा संपली, की विमान कंपनी बदली वैमानिक शोधते. ‘स्टँडबाय’वरील वैमानिकाला बोलावताच हजर व्हावे लागते. साप्ताहिक विश्रांतीचे तसे नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार जुलै २०२५ पासून ही विश्रांती ३६ ऐवजी सलग ४८ तासांची असून तीत दोन रात्रींचा समावेश बंधनकारक आहे. मध्येच काम दिल्यास ती खंडित होते. खरी मेख रजेत आहे. साप्ताहिक विश्रांतीऐवजी रजा धरू नये, हा निर्देश इंडिगोच्या उड्डाणांचा खोळंबा झाल्यानंतर ५ डिसेंबर २०२५ रोजी मागे घेण्यात आला. त्यामुळे वैमानिकाने हक्काची रजा घेतल्यास तीच विश्रांती म्हणून मोजण्याची वाट कंपन्यांना मोकळी झाली. वैमानिक संघटनांचा आक्षेप यालाच आहे.