कॉकपिट बोटांवर: फ्लाइट सिम्युलेटरसाठी जॉयस्टिकची बटणं कशी लावाल?

मुलाच्या वाढदिवसाला किंवा स्वतःच्याच हौसेखातर तुम्ही जॉयस्टिक आणि थ्रॉटल घरी आणता. लढाऊ विमानाचा सिम्युलेटर सुरू होतो, विमान झेपावतं. पण शत्रूचं विमान समोर आलं की गोंधळ उडतो. रडार कुठल्या बटणावर होतं? मिसाईल कुठल्या? एक हात कीबोर्डकडे धावतो, नजर स्क्रीनवरून हटते आणि तेवढ्यात खेळ संपतो. असं चार दिवस झालं की ती महागाची जॉयस्टिक माळ्यावर जाते. खरं तर तिच्यात बहुतेक वेळा काहीच बिघाड नसतो. तिची बटणं नीट लावायची राहून गेलेली असतात. त्यासाठी एक निवांत संध्याकाळ पुरते.

खऱ्या विमानात इतकी बटणं का असतात?

लढाऊ विमानांत 'होटास' नावाची पद्धत असते. म्हणजे उजवा हात स्टिकवर, डावा थ्रॉटलवर आणि लढाईत लागणारं जवळपास सगळं या दोन हातांच्या बोटांखाली. यामागे साधं गणित आहे. एफ-१६ विमान ९ जीपर्यंतचं वळण घेऊ शकतं. अशा वळणात साडेतीन किलोचा हात तीस किलोहून जड वाटतो. तो उचलून समोरच्या पॅनेलवरचं बटण दाबायचं कसं? म्हणून हात जागचा हलवायचाच नाही, फक्त बोटं हलवायची. आपल्या सुखोई-३० एमकेआय आणि तेजसमध्येही हीच पद्धत आहे.

घरात खुर्चीवर बसून कुणाचा हात जड होत नाही. पण नजर स्क्रीनवरून हटली तर घरीही विमान पडतंच. म्हणून बटणं लावताना एकच प्रश्न विचारा: हे काम मला हात न उचलता, न बघता करावं लागेल का? उत्तर 'हो' असेल तर ते जॉयस्टिकवर, 'नाही' असेल तर खुशाल कीबोर्डवर राहू द्या.

आधी कागद, मग कॉम्प्युटर

विंडोजच्या सर्चमध्ये गेम कंट्रोलरची सेटिंग शोधा. तिथे प्रत्येक बटण दाबून पाहता येतं आणि त्याचा नंबरही कळतो. कागदावर जॉयस्टिकचं ओबडधोबड चित्र काढा आणि ते नंबर लिहा. मग समोर कामांची यादी करा. घरातल्या मुलांना हे काम द्या, आवडीने करतील.

आता सिम्युलेटर उघडा. उदाहरणासाठी 'डीसीएस वर्ल्ड' घेऊ. त्याचा मूळ भाग मोफत मिळतो आणि सोबत सुखोई-२५टी आणि टीएफ-५१डी ही दोन विमानंही. त्यातल्या कंट्रोल्सच्या पानावर प्रत्येक विमानाची मांडणी वेगळी असते. त्यामुळे एका विमानासाठी लावलेली बटणं दुसऱ्यात आपोआप येत नाहीत, हे लक्षात ठेवा.

सगळ्यात आधी अॅक्सिस तपासा

स्टिकची हालचाल, थ्रॉटल आणि रडर हे अॅक्सिस. नवीन उपकरण जोडलं की गेम स्वतःहूनच काही अॅक्सिस लावून मोकळा होतो. मग विमानाचं नाक वर-खाली नेणारा एकच अॅक्सिस स्टिकवरही असतो आणि थ्रॉटलवरही. तुम्ही वेग वाढवायला जाता आणि विमान भलतीकडेच वळतं! म्हणून अॅक्सिसच्या यादीत एका कामापुढे एकच उपकरण ठेवा, बाकीच्या नोंदी पुसून टाका. थ्रॉटल पुढे ढकलल्यावर वेग कमी होत असेल तर तिथेच 'इन्व्हर्ट'वर टिक करा.

स्टिक मध्यावर असूनही विमान हळूहळू कलतंय? थोडा डेडझोन द्या. जरा हात लागला की विमान उसळतंय? कर्व्हेचर १० ते २० च्या आसपास ठेवून पाहा. म्हणजे मधल्या भागात स्टिक जरा मऊ वागते. हात थोडा थरथरणाऱ्या आजी-आजोबांनाही या दोन सेटिंग्जमुळे उडवणं सोपं जातं.

कुठलं काम कुठल्या बोटाला?

इथे एफ-१६ कडून शिकण्यासारखं बरंच आहे. तिच्या स्टिकवर तर्जनीखाली ट्रिगर म्हणजे गन, आणि अंगठ्याखाली बॉम्ब किंवा मिसाईल सोडायचं लाल बटण. शिवाय चार दिशांना हलणारे छोटे स्विच, ज्यांना आपण हॅट म्हणतो. त्यातला एक टार्गेटसाठी: पुढे ढकलला की लक्ष्य लॉक, मागे ओढला की लॉक सुटतं. 'पुढे म्हणजे पकड, मागे म्हणजे सोड' हे एकदा बोटाला कळलं की डोक्याला विचारावं लागत नाही.

हीच सवय तुमच्या प्रत्येक विमानात कायम ठेवा. विमान कुठलंही असो, गन त्याच बोटाला, लॉक त्याच हॅटवर. थ्रॉटलवर एअरब्रेक, रेडिओ, रडारचा कर्सर आणि फ्लेअर ठेवा. फ्लेअरचं बटण मात्र सहज सापडेल असंच हवं, कारण मिसाईल मागे लागल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो.

उलट काही कामं मुद्दाम दूर ठेवा. डीसीएसमध्ये इजेक्ट होण्यासाठी कंट्रोल आणि ई तीनदा दाबावं लागतं. ते उगाच तसं ठेवलेलं नाही. गनशेजारच्या बटणावर इजेक्ट लावलंत तर ऐन लढाईत तुम्ही पॅराशूटला लटकत असाल.

बटणं कमी पडतात?

लॉजिटेकच्या एक्स्ट्रीम थ्रीडी प्रोसारख्या साध्या जॉयस्टिकवर १२ बटणं असतात. त्यातलं एक बटण 'मॉडिफायर' करा. ते कीबोर्डवरच्या शिफ्टसारखं काम करतं. उरलेली ११ बटणं साधी दाबली तर एक काम, मॉडिफायरसोबत दाबली तर दुसरं, म्हणजे २२ कामं झाली. चार दिशांचा हॅट धरला तर आणखी ८, एकूण ३०. एवढ्यात लढाई आरामात निभावते. फक्त घाईची कामं मॉडिफायरविना ठेवा.

घरात कुणी डावखुरं असेल तर जॉयस्टिक घेतानाच बघून घ्या. थ्रस्टमास्टरची टी.१६०००एम दोन्ही हातांसाठी बदलता येते. बऱ्याच महागड्या स्टिक फक्त उजव्या हातासाठीच बनलेल्या असतात.

शेवटचं, पण विसरू नका

मांडणी झाली की प्रोफाइल सेव्ह करून त्याची कॉपी दुसरीकडे ठेवा. जॉयस्टिक नेहमी त्याच यूएसबी पोर्टला लावा. पोर्ट बदलला तर कधीकधी गेमला ते नवीनच उपकरण वाटतं आणि केलेली सगळी मेहनत गायब झाल्यासारखी दिसते.

मग लगेच लढाईला जाऊ नका. रिकाम्या आकाशात विमान सरळ उडवत ठेवा आणि घरातल्या कुणाला तरी कागदावरची यादी वाचायला सांगा: "लॉक कर!" "फ्लेअर!" "एअरब्रेक!" तुम्ही स्क्रीनवरची नजर न हटवता ते करायचं. ज्या कामाला तीनदा अडखळाल, त्याचं बटण बदला. चुकतंय ते बोट नसतं, जागा चुकलेली असते. रोज दहा-पंधरा मिनिटं असा सराव करा. काही दिवसांनी बटणांचा विचार मागे पडेल आणि तुमचं सगळं लक्ष समोरच्या आकाशाकडे राहील.